गुलाबापासून मिरचीपर्यंत : फुलकिडे मोजण्याचा इतिहास

मिरचीचे एखादे उमललेले फूल पांढऱ्या कागदावर हलकेच झटकावे. कागदावर स्वल्पविरामाएवढ्या काही पिवळसर किंवा काळपट रेघा पडतात आणि क्षणभराने त्या चालू लागतात. हे फुलकिडे. लांबी एक ते दोन मिलिमीटर, म्हणजे नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारी. आज एका फुलात असे दोन किडे सापडले, तर पंधरा दिवसांनी वीस सापडतील की एकही सापडणार नाही? आणि हे कशावरून ठरते?

प्रश्न साधा वाटतो, पण मिरचीच्या शेतकऱ्याचे सारे वर्ष त्यावर टांगलेले असते. फवारणीचा खर्च, हाती येणारे पीक, डोक्यावरचे कर्ज, सगळेच या उत्तरावर अवलंबून. जीवशास्त्राच्या दृष्टीनेही प्रश्न लहान नाही. एखाद्या प्राण्याची संख्या का वाढते, का घटते आणि ती अमर्याद का वाढत नाही, यावर विसाव्या शतकात एक मोठा वाद झाला. त्या वादातील पुराव्याचा एक महत्त्वाचा भाग फुलकिड्यांच्या मोजणीतून आला होता. ती मोजणी मिरचीवर नव्हे, तर गुलाबावर झाली होती. गुलाबावरून निघालेला हा प्रश्न मिरचीच्या शेतापर्यंत कसा पोहोचला, ते या लेखात आपण पाहणार आहोत.

झालरीच्या पंखांचा किडा

या किड्यांच्या प्रजातीला १७५८ मध्ये लिनियसने ‘थ्रिप्स’ हे नाव दिले. हा मूळ ग्रीक शब्द लाकूड पोखरणाऱ्या किड्यासाठी वापरला जाई. पुढे १८३६ मध्ये हॅलिडे या आयरिश कीटकशास्त्रज्ञाने या साऱ्या गटाला ‘थायसनॉप्टेरा’ असे नाव दिले. त्याचा अर्थ झालरीचे पंख असलेले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास हे नाव किती योग्य आहे ते कळते. पंख म्हणजे एक अरुंद पट्टी आणि तिच्या कडांना लांब केसांची झालर. असा पंख जोरदार उड्डाणाच्या कामाचा नाही, पण वाऱ्याबरोबर तरंगत दूर जायला पुरेसा आहे.

तोंडाची रचना आणखी विचित्र आहे. फुलकिड्याच्या दोन जबड्यांपैकी फक्त डावाच वाढतो, उजवा अंड्यातच जिरून जातो. या एका जबड्याने तो वनस्पतीच्या पेशीला भोक पाडतो आणि आतला रस शोषतो. रिकाम्या झालेल्या पेशींत हवा शिरते, म्हणून पानावर चंदेरी चट्टे दिसतात.

संख्येचा विचार करायचा तर किड्याचे जीवनचक्र नीट लक्षात घ्यायला हवे. मादी पानाच्या किंवा फुलाच्या पेशीजालात अंडी घालते. त्यातून निघालेली पिल्ले दोन अवस्थांत भरपूर खातात. त्यानंतरच्या दोन अवस्थांत ती काहीच खात नाहीत. अनेक जातींची पिल्ले या काळात जमिनीवर उतरून मातीत किंवा पालापाचोळ्यात राहतात. उबदार हवेत हे सारे चक्र दोन ते तीन आठवड्यांत पुरे होते. फलन न झालेल्या अंड्यांतून नर निघतात, त्यामुळे एकटी मादीही नव्या शेतात वंश सुरू करू शकते. थोडक्यात, वेगाने वाढण्याची सर्व साधने या किड्याजवळ आहेत. तेव्हा खरा प्रश्न असा की तो बहुतेक वेळा बहुतेक ठिकाणी थोडाच का असतो?

मिरची परकी, किडा घरचा

मिरची ही मूळची अमेरिकेतील वनस्पती. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आली. तिखटपणामुळे तिची गाठ मिऱ्याशी घातली गेली. मराठीत मिऱ्यावरून ‘मिरची’ हा शब्द झाला आणि इंग्रजीत तर आजही दोन्हींना एकच शब्द आहे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मात्र दोन्हींचा काही संबंध नाही. मिरी हा वेल आणि मिरची ही वांगी-टोमॅटोची बहीण.

मिरची आली ती समुद्रापलीकडून, पण तिच्यावर तुटून पडलेला किडा इथलाच होता. दक्षिण भारतातून आलेल्या नमुन्यांवरून अमेरिकी अभ्यासक हूड याने १९१९ मध्ये त्याचे वर्णन केले आणि त्याला ‘सिर्टोथ्रिप्स डॉर्सॅलिस’ हे नाव दिले. शंभराहून अधिक वनस्पतींवर जगणाऱ्या या किड्याला मिरचीचे कोवळे शेंडे मानवले. आपल्याकडे द्राक्षबागायतदारही त्याला चांगले ओळखतात.

मद्रास इलाख्यातील कीटकशास्त्रज्ञ टी. व्ही. रामकृष्ण अय्यर हे भारतातील फुलकिड्यांच्या अभ्यासाचे एक आद्य प्रवर्तक. १९३५ मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर एक निबंध प्रसिद्ध केला. विषय होता गुंटूर आणि मदुरा भागांतील मिरचीची पाने आकसण्याचा रोग आणि त्याला कारण असलेले फुलकिडे. गुंटूर हे गावाचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, पुढे ते पुन्हा येणार आहे.

महाराष्ट्रात या विकाराला ‘चुरडा-मुरडा’ किंवा ‘बोकड्या’ म्हणतात. नाव एक असले तरी कारणे तीन असू शकतात. फुलकिड्यांमुळे पानाच्या कडा वर वळतात आणि पान होडीसारखे दिसते. पिवळ्या कोळ्यांमुळे त्या खाली वळतात. तिसरे कारण पांढऱ्या माशीमार्फत पसरणारा विषाणू. कारण न ओळखता केलेली फवारणी वाया जाते, एवढेच नव्हे तर काही वेळा ती उलटते. फुलकिड्यांसाठी कृत्रिम पायरेथ्रॉइड गटातील औषधे मारल्यावर मिरचीवर कोळ्यांचा उपद्रव वाढल्याचा अनुभव आपल्याकडे अनेक ठिकाणी आला आहे. एक किडा मारायला जावे आणि दुसरा वाढावा, हे का होते? त्याचे उत्तर समजण्यासाठी आपल्याला ऑस्ट्रेलियात जावे लागेल.

रोज वीस गुलाब

१९३१ मध्ये आग्नेय ऑस्ट्रेलियात ‘थ्रिप्स इमॅजिनिस’ या फुलकिड्याची अचानक प्रचंड वाढ झाली. सफरचंदाच्या मोहोरात शिरून त्याने फळधारणाच होऊ दिली नाही. बागाईतदारांची साहजिक मागणी होती की असे वर्ष पुन्हा येणार असेल तर आधी सांगा.

ॲडलेड येथील वेट कृषी संशोधन संस्थेत जेम्स डेव्हिडसन हे कीटकशास्त्र विभागाचे प्रमुख होते. त्यांनी १९३२ मध्ये एक अत्यंत साधे काम सुरू केले. संस्थेच्या आवारातील गुलाबाची वीस फुले रोज तोडायची आणि त्यांतील फुलकिडे मोजायचे. हे काम सलग एक्याऐंशी महिने चालले. त्यानंतर आणखी सात वर्षे वसंत ऋतू आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीच्या काळात मोजणी होत राहिली. अशी एकूण चौदा वर्षांची नोंद १९४६ पर्यंत जमा झाली. डेव्हिडसन १९४५ मध्ये वारले. त्यांचे तरुण सहकारी हर्बर्ट अँड्र्यूआर्था यांनी आकडेवारीचे विश्लेषण पुरे केले आणि १९४८ मध्ये दोघांच्या नावाने दोन निबंध प्रसिद्ध झाले.

ॲडलेडचे हवामान आपल्यापेक्षा वेगळे आहे. तेथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा असतो. शरद ऋतूत, म्हणजे साधारण एप्रिल-मेमध्ये, पहिला चांगला पाऊस झाला की वर्षायू तण उगवते. हिवाळाभर ते वाढते आणि वसंतात फुलते. फुलकिड्यांचे अन्न म्हणजे या फुलांतील पराग. वसंताच्या शेवटी, नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास, फुलकिड्यांची संख्या शिखराला पोहोचते. मग उन्हाळा येतो, तण वाळते, फुले संपतात, माती कोरडी पडून तिच्यातील पिल्लेही सुकतात आणि संख्या कोसळते. दरवर्षी आलेखाचा आकार असाच येई. फरक असे तो शिखराच्या उंचीत. काही वर्षी शिखर ठेंगणे, तर काही वर्षी कितीतरी पट उंच.

ही उंची आधी सांगता येईल का? डेव्हिडसन आणि अँड्र्यूआर्था यांनी चार गोष्टी घेतल्या. पहिली, शरदातील पहिल्या पावसापासून ऑगस्टअखेरपर्यंत जमा झालेली उष्णता. दुसरी, सप्टेंबर-ऑक्टोबरमधील पाऊस. तिसरी, त्याच दोन महिन्यांतील उष्णता. चौथी, आदल्या वर्षीच्या पहिल्या घटकाचे मूल्य. उष्णता मोजण्याची त्यांची रीत वर्गात समजावण्याजोगी आहे. किड्याच्या किंवा वनस्पतीच्या वाढीसाठी एक किमान तापमान लागते. ते किमान तापमान समजा १० अंश आहे आणि आजचे सरासरी तापमान १६ अंश आहे, तर आज ६ ‘अंश-दिवस’ जमा झाले. उद्या १८ अंश असेल तर आणखी ८. अशी रोजची बेरीज करत जायचे.

या चार घटकांवरून त्यांनी एक समीकरण मांडले. वर्षावर्षांतील शिखरांमध्ये जो फरक होता त्यापैकी ७८ टक्के फरकाचा हिशोब या समीकरणाने लागला. जीवशास्त्रात, त्यातही उघड्या निसर्गात, एवढा हिशोब लागणे ही मोठी गोष्ट होती. गणकयंत्रे नसताना, हाताने किंवा टेबलावरच्या साध्या यंत्राने केलेली ही आकडेमोड आहे, हेही ध्यानात घ्यावे.

नियंत्रक कोण?

अँड्र्यूआर्था आकडेमोडीवर थांबले नाहीत. त्यांचा निष्कर्ष असा होता की फुलकिड्यांच्या संख्येचा हिशोब हवामानानेच जवळपास पुरा होतो. संख्या वाढली म्हणून तिला आवर घालणारा दुसरा कोणता घटक मानण्याची गरज नाही, त्यासाठी जागाच उरत नाही. १९५४ मध्ये चार्ल्स बर्च यांच्याबरोबर त्यांनी प्राण्यांचा प्रसार आणि विपुलता या विषयावर एक मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात हा विचार सर्व प्राण्यांना लावला.

हा निष्कर्ष त्याच देशातील दुसऱ्या कीटकशास्त्रज्ञाच्या मताविरुद्ध जाणारा होता. अलेक्झांडर निकोल्सन हे कॅनबेरा येथील सरकारी कीटकशास्त्र विभागाचे प्रमुख. १९३३ मध्ये त्यांनी मांडले होते की हवामान संख्येला वरखाली करते हे खरे, पण ती आवरून धरण्याचे काम ते करू शकत नाही. पावसाला किडे किती आहेत याची खबर नसते. दहा किडे असोत की दहा हजार, पाऊस पडायचा तेवढाच पडतो. आवर घालणारा घटक असा हवा की जो गर्दी वाढली की अधिक जोर धरेल आणि गर्दी ओसरली की सैल पडेल. अन्नाची टंचाई, परभक्षी आणि परजीवी हे असे घटक आहेत. यांना ‘घनता-अवलंबी’ घटक म्हणतात.

निकोल्सन यांनी मेंढ्यांना त्रास देणाऱ्या माशीवर प्रयोग केले आणि १९५४ मध्ये ते प्रसिद्ध केले. पिंजऱ्यातील तापमान स्थिर आणि रोजचे अन्नही ठरलेले. हवामानात काहीही बदल नाही. तरीही माशांची संख्या हजारांवर चढे, मग उपासमारीने कोसळे आणि पुन्हा चढे. म्हणजे चढउतार दिसले की ते हवामानामुळेच झाले, असे म्हणता येत नाही.

१९५७ मध्ये अमेरिकेतील कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील परिषदेत दोन्ही पक्ष समोरासमोर आले. एकाचे आयुष्य उघड्या बागेतील मोजणीत गेलेले, दुसऱ्याचा भर तर्कावर आणि पिंजऱ्यातील प्रयोगावर. वाद मिटला नाही.

तीच आकडेवारी, वेगळे उत्तर

१९६१ मध्ये फ्रेडरिक स्मिथ या अमेरिकी परिस्थितिकीतज्ज्ञाने एक वेगळीच वाट धरली. त्याने नवे फुलकिडे मोजले नाहीत. ॲडलेडची छापलेली आकडेवारीच त्याने पुन्हा हाती घेतली आणि तिला वेगळा प्रश्न विचारला. शिखर किती उंच हे न विचारता त्याने विचारले की या महिन्यात संख्या जास्त असेल, तर पुढच्या महिन्यापर्यंतची वाढ कमी होते का? उत्तर स्पष्ट ‘हो’ असे आले. संख्या जितकी जास्त, तितकी पुढील वाढ मंद. म्हणजे ज्या नोंदींत घनता-अवलंबी घटकाला जागा नाही असे म्हटले होते, त्याच नोंदींत त्याची खूण सापडली. अँड्र्यूआर्था यांना हे पटले नाही आणि त्यांनी तसे उत्तरही दिले. पण या उदाहरणाचा धडा पाठ्यपुस्तकांत कायमचा राहिला.

विद्यार्थ्यांना हा धडा जरूर सांगावा. आकडे स्वतः बोलत नाहीत, आपण विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देतात. ‘या वर्षी किडे किती होतील?’ आणि ‘किडे अमर्याद का वाढत नाहीत?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर हवामानात सापडू शकते. दुसऱ्याचे उत्तर मिळवायला अन्न, शत्रू आणि गर्दी यांच्याकडे पाहावे लागते. आणि दोन्ही पक्षांना ही चर्चा करता आली ती कोणीतरी चौदा वर्षे चिकाटीने फुले झटकली म्हणून. सिद्धांत बदलले तरी नोंदी कामाला आल्या.

भोपळ्या मिरचीतील ढेकूण

पुढचा टप्पा अमेरिकेतील आणि युरोपातील भोपळ्या मिरचीचा. येथे किडा आहे ‘फ्रँकलिनिएला ऑक्सिडेंटॅलिस’. १८९५ मध्ये पेर्गांड याने कॅलिफोर्नियातून त्याचे वर्णन केले. कित्येक दशके तो पश्चिम अमेरिकेत राहिला. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मात्र तो रोपे आणि फुलांच्या व्यापाराबरोबर जगभर पसरू लागला. १९८३ मध्ये तो नेदरलँड्समधील हरितगृहांत सापडला आणि दशक संपेपर्यंत युरोपभर गेला. जो पसरला तो प्रकार अनेक कीटकनाशकांना दाद न देणारा होता.

फुलकिडे औषधांना इतक्या लवकर का सरावतात? एक कारण वर आलेच आहे. नर फलन न झालेल्या अंड्यातून होतो, म्हणून त्याच्याजवळ प्रत्येक जनुकाची एकच प्रत असते. औषध सोसण्याचे जनुक असेल तर ते झाकले जात नाही, लगेच कामाला येते. शिवाय अंडी पेशीजालात, पिल्ले फुलाच्या खोबणीत आणि पुढच्या अवस्था जमिनीवर, म्हणजे फवाऱ्याच्या वेळी किड्यांचा बराच भाग औषधाच्या टप्प्याबाहेर असतो.

फ्लोरिडातील संशोधकांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस उघड्या शेतातील मिरचीच्या फुलांत फुलकिडे मोजले आणि त्यांच्याबरोबरच एक चिमुकला परभक्षी ढेकूणही मोजला. त्याचे नाव ‘ओरियस’. तोही दोन-तीन मिलिमीटरच्या आतला. मिरचीच्या फुलात तो आवडीने राहतो, कारण फुलकिडे कमी असले तर तो परागावर भागवतो. त्यांचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. १८० फुलकिड्यांमागे एक ओरियस असला तरी फुलकिड्यांची वाढ रोखली जाते आणि ४० मागे एक झाला की त्यांची संख्या झपाट्याने उतरते. ज्या वाफ्यांत अनेक प्रकारचे कीटक मारणारी औषधे फवारली तेथे ओरियस गेला आणि फुलकिडे कमी होण्याऐवजी वाढले.

एक ढेकूण १८० किड्यांना कसा पुरा पडेल, असे कोणी विद्यार्थी विचारील. ढोबळ हिशोब करून पाहू. समजा, फुलकिडे दिवसाला शेकडा दहा या दराने वाढतात. मग १८० किड्यांत दिवसाला १८ ची भर पडते. ओरियसने दिवसाला पंधरा-वीस किडे खाल्ले तर ही भर जवळपास पुसली जाते. म्हणजे त्याला सगळे किडे खायचे नसून फक्त वाढ खायची आहे. आता ४० किड्यांमागे एक ओरियस घ्या. वाढ चारची आणि भूक पंधरा-वीसची. संख्या कोसळणारच. निकोल्सन ज्याला आवर म्हणत होते तो आवर येथे फुलात बसलेला दिसतो. आणि सर्वनाशी फवारणी म्हणजे नेमका हाच आवर काढून टाकणे, हेही दिसते. मिरचीवर कोळी उलटतात त्यामागेही हेच सूत्र आहे. त्यांना खाणारे शत्रू औषधाने आधी मरतात.

या ज्ञानाचा मोठ्या प्रमाणावर वापर स्पेनमधील अल्मेरिया येथे झाला. तेथे हजारो हेक्टरवर प्लॅस्टिकची हरितगृहे आहेत आणि भोपळी मिरची हे एक मुख्य पीक आहे. २००६ च्या अखेरीस स्पेनहून आलेल्या मिरचीत युरोपात परवानगी नसलेल्या एका कीटकनाशकाचे अंश सापडले. खरेदीदारांनी पाठ फिरवली. पुढील दोन-तीन हंगामांत अल्मेरियाच्या बहुतेक मिरची उत्पादकांनी ओरियस आणि एक परभक्षी कोळी हरितगृहांत सोडण्याची पद्धत स्वीकारली. उपाय त्याआधीही माहीत होता. तो सर्वत्र गेला तो बाजारपेठ हातची जाण्याच्या भीतीने. विज्ञानाच्या इतिहासात असेही घडते.

गुंटूर, २०२१

आता पुन्हा गुंटूर. १९३५ च्या निबंधाला शहाऐंशी वर्षे झाली होती. दरम्यान ‘थ्रिप्स पार्व्हिस्पायनस’ नावाचा आणखी एक फुलकिडा भारतात आला होता. हा मूळचा आग्नेय आशियातला. १९२२ मध्ये कार्नी याने त्याचे वर्णन केले होते आणि इंडोनेशियात तो मिरचीचा किडा म्हणून ओळखीचा होता. भारतात त्याची पहिली नोंद २०१५ मध्ये बंगळूर येथे पपईवर झाली. काही वर्षे त्याचा फारसा गवगवा झाला नाही. २०२१ च्या उत्तरार्धात मात्र आंध्र प्रदेश आणि तेलंगणातील मिरचीवर त्याने अक्षरशः थैमान घातले.

जुना किडा मुख्यतः कोवळ्या पानांवर राही, हा मात्र फुलांत शिरला. एकेका फुलात दहा-वीस काळे फुलकिडे दिसू लागले. फुले गळाली आणि जी फळे धरली ती वेडीवाकडी झाली. शेतकऱ्यांनी फवारणीवर फवारणी केली, एकात एक औषधे मिसळली. किडा हटला नाही. अनेकांनी उभे पीक नांगरून टाकले. मिरचीला एकरी खर्च मोठा असतो आणि जमीन बहुधा खंडाने घेतलेली असते, त्यामुळे एका हंगामाचा फटका पुढील अनेक वर्षे पुरतो.

या उद्रेकाला कोणते एक कारण देता येत नाही. किडा नवा होता. त्या वर्षीचा पाऊस नेहमीसारखा नव्हता. मिरचीचे क्षेत्र सलग पसरलेले होते. आणि वर्षानुवर्षांच्या फवारणीने नैसर्गिक शत्रू विरळ झालेले होते. हवामानाने संधी दिली आणि आवर घालणारे कोणी जागेवर नव्हते, असे आपण आतापर्यंतच्या चर्चेवरून म्हणू शकतो. अँड्र्यूआर्था आणि निकोल्सन, दोघांचेही म्हणणे एकाच शेतात खरे ठरावे, अशी ही स्थिती. त्यानंतर कृषी शास्त्रज्ञांनी दिलेल्या सल्ल्यात निळे चिकट सापळे, कडुनिंबाची औषधे, भोवती मक्यासारख्या पिकाच्या ओळी आणि अनावश्यक फवारणी टाळणे या गोष्टींवर भर होता. यांतली प्रत्येक गोष्ट संख्येच्या वाढीचा वेग थोडाथोडा कमी करते. एका फटक्यात किडा संपवण्याचा दावा त्यात नाही.

आमच्या क्षेत्रातील एक उणीव येथे नोंदवावीशी वाटते. आपल्या देशात मिरचीवरील फुलकिड्यांच्या मोजण्या पुष्कळ झाल्या आहेत. त्यांतून दिसणारे चित्र साधारण असे : कोरड्या, उबदार दिवसांत संख्या वाढते आणि जोराच्या पावसाने किडे धुऊन जाऊन ती घटते. पण यांतील बहुतेक मोजण्या एक-दोन हंगामांच्या असतात. त्यांत तापमान, पाऊस आणि आर्द्रता यांच्याशी सहसंबंध काढला जातो, पण त्याच फुलातील परभक्षी मोजलेले असतातच असे नाही. दोन हंगामांवरून हवामानाचा परिणाम नीट कळत नाही आणि शत्रू न मोजल्याने आवर दिसत नाही. चौदा वर्षे एकाच जागी मोजत राहण्याला पैसा कमी लागतो, धीर फार लागतो.

शाळेत करण्याजोगी मोजणी

हा धीर शाळांना दाखवता येईल असे आम्हाला वाटते. शाळेच्या आवारात किंवा शेजारच्या शेतात फवारणी न केलेली मिरचीची पंधरा-वीस झाडे निवडावीत. मिरची नसेल तर झेंडू किंवा गुलाबही चालेल. आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वेळी, वीस फुले पांढऱ्या कागदावर झटकावीत. फुले तोडावी लागत नाहीत. साधे भिंग जवळ असावे. फुलकिडे किती, हे लिहावे. त्यांहून जरा मोठे, चपळ, अंडाकृती आणि टोकदार सोंडेचे ढेकूण दिसले तर तेही वेगळे मोजावेत. त्या दिवसांतला पाऊस आणि कमाल-किमान तापमान यांची नोंद शेजारी करावी. मोजणीनंतर हात धुवावेत, आणि शेजारच्या शेतात फवारणी झाली असेल तर तेथे जाऊ नये.

आलेख काढताना एक सूचना. २ वरून २० होणे आणि २० वरून २०० होणे ही किड्याच्या दृष्टीने सारखीच वाढ आहे, दोन्ही वेळा दहापट. साध्या आलेखावर पहिली वाढ दिसतही नाही. म्हणून वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना संख्येचा लॉगरिथम घेऊन दुसरा आलेख काढू द्यावा. ॲडलेडच्या अभ्यासकांनीही तेच केले होते. मग स्मिथचा प्रश्न विचारावा : ज्या आठवड्यात किडे जास्त होते, त्याच्या पुढच्या आठवड्यात वाढ मंदावली का? आणि मंदावली असेल, तर त्या आठवड्यात पाऊस पडला होता, फुले कमी झाली होती की ढेकूण वाढले होते?

एका वर्षाच्या नोंदीतून याचे उत्तर मिळणार नाही. म्हणून दहावीची मुले शाळा सोडून जातील तेव्हा त्यांनी ती वही नववीच्या मुलांच्या हाती द्यावी.